पांढऱ्या औषधाने बरं वाटलं म्हणून

प्रिय चिऊ,

सोमवारपासून तुझी कॅज्युअल्टीतली ड्यूटी सुरू होतेय. परवा फोनवर म्हणालीस, "छातीत दुखतंय म्हणणाऱ्यांची भीती नाही वाटत गं, त्यांचं काय करायचं ते पाठ आहे." मला काळजी आहे ती पोटावर हात ठेवून येणाऱ्यांची.

माझं दुसरंच वर्ष होतं. रात्री दोनच्या सुमारास पन्नाशीचे एक गृहस्थ स्वतःच्या पायांनी चालत आले. मूठ बरगड्यांमधल्या खळगीत दाबून धरलेली. "डॉक्टर, ॲसिडिटी आहे, नेहमीचीच. ते पांढरं औषध द्या." मी दिलं. अँटासिड, त्यात घसा बधिर करणारं लिग्नोकेन. वीस मिनिटांत म्हणाले, आता बरं वाटतंय. केस पेपरवर मी 'ॲसिडिटी' लिहूनही टाकलं. तेवढ्यात सिस्टर हळूच म्हणाल्या, "मॅडम, यांचा शर्ट ओला झालाय."

ईसीजी काढायला घेतला, तर इलेक्ट्रोड छातीवर चिकटेनात. पुसून लावले की पुन्हा घसरायचे. इतका घाम, आणि वीस मिनिटं समोर उभी असून मला तो दिसला नव्हता. कागद बाहेर आला तेव्हा लीड दोन, तीन आणि एव्हीएफ या हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या लीड्समध्ये रेषेचा एसटी हा भाग वर उचललेला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. ती भिंत श्वासपटलावर टेकलेली असते, म्हणून दुखतं पोटात आणि मळमळतं. ते वाचले, पण ती वीस मिनिटं मी त्यांना परत देऊ शकले नाही.

म्हणून सांगते, औषधाने बरं वाटलं हा पुरावा धरू नकोस. हृदयाचं दुखणंही थोडा वेळ ओसरतं, आणि अँटासिड दिल्यावरच नेमकं ओसरलं तर आपण फसतो. पोटाच्या वरच्या भागात दुखतंय म्हणणारा मोठ्या वयाचा माणूस आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी. मधुमेही आणि बायका यांच्या बाबतीत तर जास्तच सावध राहा, त्यांच्या छातीत कळ येईलच असं नाही. पहिला ईसीजी साफ आला तरी दुखणं चालू असेल तर पुन्हा काढ, ट्रोपोनिनही (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते) काही तासांनी पुन्हा बघ. खालच्या भिंतीचा झटका दिसला तर उजव्या बाजूच्या लीड्स लावल्याशिवाय जिभेखाली नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) देऊ नकोस. हृदयाचा उजवा कप्पा दुखावलेला असेल तर बीपी धाडकन खाली येतं.

बाकीचं तुला येतं, भराभर सांगते. दुखणं पाठीत जातंय, पुढे वाकून बसल्यावर बरं वाटतंय, तर रक्तातलं लायपेझ तपासायला पाठव. नॉर्मलच्या तिप्पट आलं तर स्वादुपिंडाला सूज. उजवीकडे बरगडीखाली दाबल्यावर श्वास अडकला तर पित्ताशयाची सोनोग्राफी. रुग्ण हलायलाच तयार नाही आणि पोट लाकडासारखं कडक, तर सर्जनना आधी फोन, मग उभ्याने एक्स-रे. वीस आठवड्यांपुढची गरोदर बाई पोटाच्या वरच्या भागात दुखतंय म्हणाली, तर बीपी बघितल्याशिवाय तिला गोळी देऊन परत पाठवू नकोस.

हे सगळं चालू असताना दुखणाऱ्याला ताटकळत ठेवू नकोस. वेदना कमी केली तर निदान झाकलं जाईल, असं आम्हाला शिकवायचे. ते खरं नाही. साधी जळजळ असेल तर नुसतं अँटासिड पुरतं. लिग्नोकेन मिसळून फारसा जास्त फायदा होत नाही, उलट घसा बधिर होऊन ठसका लागू शकतो. ॲसिड कमी करणारं फॅमोटिडिन तासाभरात काम करू लागतं. त्याच कामाच्या ओमेप्राझोलसारख्या गोळीचा पूर्ण परिणाम यायला तीन-चार दिवस लागतात, आणि ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. हे रुग्णाला समजावून सांग. नाहीतर दुसऱ्याच दिवशी 'गोळी लागू पडत नाही' म्हणून सोडून देतो.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल नाव घेऊन विचार. 'कुठलं औषध चालू आहे?' म्हटलं की लोक 'काही नाही' म्हणतात, कारण गुडघ्यासाठी रोज घेतलेली गोळी त्यांच्या हिशेबात औषधच नसते. जठराचे अल्सर या गोळ्यांनी किती होतात, ते तू एंडोस्कोपीत पाहिलंच आहेस. शी डांबरासारखी काळी होते का (आतून रक्त जात असेल तर होते), हेही न लाजता विचार, आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत का तेही, कारण त्यांनीही शी काळी होते.

आणि 'टेन्शन घेता म्हणून अल्सर झाला' असं कुणाला सांगू नकोस. 1984 मध्ये डॉक्टर बॅरी मार्शल यांनी अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचं कल्चर स्वतः प्यायलं आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. 2005 मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. तरी रुग्ण अजून स्वतःच्या स्वभावाला दोष देत बसतात, मला त्यांचं फार वाईट वाटतं. या जंतूची तपासणी श्वासावरून किंवा शौचावरून होते, पण त्याआधी ओमेप्राझोल दोन आठवडे बंद असावं लागतं. तू रात्री गोळी सुरू केलीस, तर पुढच्या डॉक्टरांसाठी तसं कागदावर लिही.

कारण सापडलं नाही तर 'ॲसिडिटी' लिहू नकोस. 'पोटाच्या वरच्या भागात वेदना, कारण अनिश्चित' असं लिही. एकदा 'ॲसिडिटी' लिहिलं की पुढच्या पाळीचा डॉक्टर तेच वाचतो आणि शोधणं थांबवतो.

सोमवारी जरा लवकर जा. ईसीजी मशीन कुठे असतं, कागदाचा रोल आहे का, ते बघून ठेव. इलेक्ट्रोडच्या शेजारी कोरडा गॉज ठेव, घाम पुसायला.

तुझी
आई