मॅमथ हिमयुगातच संपले नाहीत

महोदय,

हिमयुग सरले आणि मॅमथ, म्हणजे हत्तीचे केसाळ भाईबंद, संपले, असे सरसकट लिहिले जाते. ते पूर्णतः खरे नाही. हवामान उबदार होऊन गवताळ कुरणांच्या जागी दलदल व झुडुपे आली, माणसाच्या शिकारीचाही भार पडला आणि मुख्य भूमीवरचे बहुतेक कळप सुमारे १०,००० वर्षांपूर्वीपर्यंत नाहीसे झाले, हे मान्य. परंतु सायबेरियाच्या उत्तरेकडील रँगेल बेटावर, समुद्राची पातळी वाढून मुख्य भूमीशी नाते तुटल्यावरही, ते सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे गिझाचे पिरॅमिड उभे राहिल्यानंतरही जगत होते. जनुकीय अभ्यासानुसार ही वस्ती जास्तीत जास्त आठ प्राण्यांपासून वाढून दोनशे-तीनशेवर स्थिरावली आणि अंतःप्रजननाचे (जवळच्या नात्यातील प्रजननाचे) दोष सोसूनही सुमारे ६,००० वर्षे टिकली. ही चिवट झुंज मला विलक्षण वाटते.

अलास्काजवळील सेंट पॉल बेटावरचे मॅमथ सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी गोडे पाणी आटल्यामुळे गेले. तहानलेल्या कळपांनी तळ्याकाठची माती तुडवून उरलेले पाणीही गढूळ केले असावे, हे वाचून मन विषण्ण होते.

या विषयावर लिहिताना ही दोन बेटे वगळली जाऊ नयेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक