साखर उतरली, पण मूत्रपिंडाचे काय?

महोदय,

वीस वर्षे मधुमेह असलेल्या माझ्या आईची साखर गेल्या वर्षी आपोआप खाली येऊ लागली, तेव्हा घरात आम्ही समाधान मानले. पण एका पहाटे साखर फारच उतरून ती घामाने चिंब, चहाचा कपही धरता येईना अशा अवस्थेत दिसली आणि तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट गाळेनाशी झाली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) बरेच वाढलेले निघाले. टोचलेल्या इन्सुलिनचा मोठा भाग मूत्रपिंडे नष्ट करतात, शिवाय उपाशीपोटी थोडी साखर स्वतः तयारही करतात. मूत्रपिंडे थकली की हे इन्सुलिन रक्तात रेंगाळते आणि नेहमीचाच डोस जास्त ठरतो. हे आम्हाला आधी कोणीही सांगितले नव्हते.

कॅल्शियमचेही तसेच. थायरॉइडमागच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक मूत्रपिंडाकरवी कॅल्शियम राखते आणि ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम करून घेते. मूत्रपिंडाने साथ सोडली की हे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम ओढते, त्यामुळे अहवालातला आकडा अनेकदा ठीक दिसतो आणि हाडे मात्र ठिसूळ होत जातात.

मधुमेहींचे क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन (मूत्रपिंड बिघडू लागले की लघवीत उतरणारे प्रथिन) दरवर्षी तपासले जावे, आणि इन्सुलिनचा डोस बदलायचा का, हे डॉक्टरांनी घरच्यांना आवर्जून सांगावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा