आधी ओरडा, मग मलम

बाळा,

परवा फोनवर तू एका दमात तीनदा म्हणालास, "मीच मूर्ख होतो." ती निघून गेली त्याला वर्ष होत आलं. तिच्याबद्दल तू अजून एकही कडवट शब्द काढलेला नाहीस. सगळे स्वतःसाठी राखून ठेवलेस. फोन ठेवला तरी मी बराच वेळ तशीच बसून होते, कारण तुझ्या तोंडून येणारा तो आवाज ओळखीचा होता. माझाच होता.

लहानपणी तू धडपडलास की मी आधी ओरडायचे, "बघून चालता येत नाही?" आणि मग मलम लावायचे. जीव घाबरलेला असायचा म्हणून ओरडायचे, पण तुला ते कसं कळणार! आता मलम लावायला मी जवळ नाही आणि तुझ्यापाशी उरलंय ते नुसतं ओरडणं. त्याची मला माफी मागायची आहे.

क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली आत्मकरुणेची मांडणी केली. स्वतःशी मायेनं वागायचं. असं दुःख माणसाच्या वाट्याला येतंच, हे ओळखायचं. आणि दुखतंय ते आहे तेवढंच पाहायचं, दडपायचं नाही की फुगवायचंही नाही. मधली गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. नाकारलं गेलेल्या माणसाला वाटतं, खोट फक्त आपल्यातच आहे. मग तो तोंड लपवतो. तूही मित्रांना भेटणं सोडलंस ना?

तू म्हणशील, असे लाड केले तर मी सुधारणार कधी? मलाही हीच भीती होती. पण ज्युलियाना ब्राइनेस आणि सेरेना चेन यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात उलटंच दिसलं. अवघड चाचणीत आपटलेल्या ज्या विद्यार्थ्यांना स्वतःकडे समजुतीनं पाहायला सांगितलं, ते पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यासाला बसले. सतत दटावलेलं मन स्वतःला वाचवण्यातच गुंतून राहतं रे. झालेली चूक नीट पाहायला त्याला उसंत कुठली?

एक मात्र आधीच सांगते. स्वतःशी मऊ वागायला लागलास की सुरुवातीला जास्त दुखेल. बंद खोलीत धुमसणाऱ्या आगीला दार उघडताच हवा मिळते आणि ज्वाळा उसळतात, तसं. घाबरू नकोस. फारच झालं तर तेवढ्यापुरतं थांब, दार किलकिलंच ठेव, चालून ये. झोप आणि जेवण उडालं असेल तर समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा नाही.

आणि रात्री ते "मूर्ख" ओठांवर आलं की छातीवर हात ठेवून एवढंच म्हण, "दुखतंय मला." पुढे काही जोडू नकोस.

रविवारी फोन करते. बोलावंसं वाटलं नाही तरी उचल. गप्प बसू दोघं.

तुझी,
आई