फ्लो हिरवा दिसला तरी ओळी मोजायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पॉवर ऑटोमेट (रोजची कामं आपोआप करून घेण्याचं मायक्रोसॉफ्टचं साधन) शिकवायला बसलात आणि पहिला तासभर तुम्ही कॉम्प्युटर उघडूच दिला नाहीत. बिल मंजुरीचं काम आधी कागदावर लिहायला लावलंत. बिल कुठल्या मेलवर येतं, कोण उघडतं, कुठल्या फोल्डरात जातं, मंजुरी कोणाची, आणि नाकारलं तर ते परत कोणाकडे जातं? शेवटच्या प्रश्नावर सगळे गप्प झालो होतो. मंजुरीची वाट जो तो बांधतो, नकाराची आणि उत्तरच न येण्याची वाट राहून जाते, हे तुम्ही तिथेच दाखवलंत. त्याबद्दल, आणि पुढच्या सगळ्या खाचाखोचांबद्दल हे जाहीर आभार.

क्लाउड फ्लो म्हणजे ऑनलाइन आपोआप चालणारी पायऱ्यांची साखळी. तिचा एक रन, म्हणजे एकदाचं चालणं, जास्तीत जास्त 30 दिवस टिकतो. साहेब सुट्टीवर असले, मेल खाली गेला, की अप्रूव्हलची पायरी तेवढे दिवस ताटकळते आणि मग रन पडतो. म्हणून तुम्ही त्या पायरीच्या सेटिंगमध्ये टाइमआउट (वाट पाहण्याची मुदत) घालायला लावलात. ‘पी7डी’ म्हणजे सात दिवस. इथला ‘टी’ किती महाग पडतो ते कोणी सांगत नाही: ‘पीटी1एम’ म्हणजे एक मिनिट, ‘पी1एम’ म्हणजे एक महिना. टाइमआउट झाल्यावर पुढची पायरी आपोआप चालत नाही, तिच्या ‘रन आफ्टर’मध्ये (आधीच्या पायरीचं काय झालं तर चालायचं, ते ठरवणारी सेटिंग) ‘टाइमआउट झाल्यास’ या खुणेवर टिक करावी लागते. तिथून आठवणीचा मेल जातो. आणखी एक बारीक गोष्ट. साध्या मंजुरीचा निकाल ‘अप्रूव्ह’ असा येतो. अटीत कोणी ‘अप्रूव्ह्ड’ लिहिलं, तर मंजूर झालेली बिलंही मुकाट्याने नकाराच्या फांदीत जातात.

मेलमधून बिल उचलताना अटॅचमेंट निवडली की ‘अप्लाय टू ईच’ची (प्रत्येकासाठी तेच काम पुन्हा करणारी) चौकट आपोआप उगवते. नवखा माणूस ती काढायला धडपडतो, पण अटॅचमेंट एकापेक्षा जास्त असू शकतात म्हणून ती तिथे हवीच. खरा उपद्रव मेलच्या सहीतल्या लोगोचा. ती चित्रंही अटॅचमेंट म्हणूनच येतात आणि फोल्डर लोगोंनी भरतो. फाइलचं नाव ‘.पीडीएफ’ने संपतं का, ही एक अट घातली की काम भागतं. काही स्कॅनर नाव मोठ्या अक्षरांत लिहितात, म्हणून ते आधी लहान अक्षरांत करून घेतलेलं बरं.

मग तो न संपणारा फेरा. शेअरपॉइंट लिस्टवर (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन सामाईक यादी) ‘ओळ नवी झाली किंवा बदलली’ हा ट्रिगर (फ्लो सुरू करणारी घटना) लावायचा आणि त्याच फ्लोने त्याच ओळीत ‘स्थिती’ बदलायची. ओळ बदलली म्हणून फ्लो पुन्हा सुटतो, पुन्हा ओळ बदलतो. आत अट घालून हे थांबतं खरं, पण रन सुरू होऊन मोजला जातोच. तुम्ही अट ट्रिगरवरच घातलीत, म्हणजे स्थिती ‘नवीन’ असेल तरच सुटायचं. आणि फ्लोच्या पहिल्याच पायरीत स्थिती ‘प्रक्रियेत’ करून टाकायची. इतकं साधं.

सगळ्यात मोठं ऋण मात्र एक्सेलचं. टेबलातल्या ओळी आणणारी पायरी आपणहून फक्त पहिल्या 256 ओळी आणते. चूक दाखवत नाही, रन हिरवागार (म्हणजे यशस्वी), आणि 257वं बिल गायब. शेअरपॉइंटची ओळी आणणारी पायरी ‘गेट आयटम्स’ तर 100वरच थांबते. दहा ओळींच्या शीटवर चाचणी घेतली तर हे कधीच कळणार नाही, म्हणून तुम्ही मुद्दाम 300 ओळींची शीट दिलीत आणि विचारलंत, ‘‘किती आल्या, मोजल्या का?’’ सेटिंगमध्ये पेजिनेशन (ओळी टप्प्याटप्प्याने आणणं) सुरू करून वरची मर्यादा लिहायची, एवढाच उपाय. डेटा ‘टेबल’ म्हणून बांधलेला नसेल तर त्या पायरीला काही दिसतच नाही, हे त्याच्याही आधीचं. तारीख 45292 अशी आली तर घाबरायचं नाही, तो एक्सेलचा दिवसांचा हिशेब आहे (1 जानेवारी 2024). त्याच पायरीत तारखेचा प्रकार ‘आयएसओ 8601’ निवडायचा. आणि फ्लोने हात लावलेली फाइल नंतर सहा मिनिटांपर्यंत अडलेली राहू शकते, तेव्हा दोन फ्लोंनी एकाच शीटवर लिहायचं नाही. नोंदी लिस्टमध्ये, एक्सेल फक्त अहवालाला, ही तुमची वाटणी आम्ही आता कोणाशीही भांडून टिकवतो.

बेरीज दर वेळी वेगळी येण्याचं कोडंही तुमच्यामुळे सुटलं. वेग यावा म्हणून ‘अप्लाय टू ईच’मध्ये कॉन्करन्सी सुरू केली की फेऱ्या एकाच वेळी पळतात, 50 पर्यंत. व्हेरिएबल (बेरीज साठवायची जागा) मात्र सगळ्यांत मिळून एकच, त्यामुळे एका फेरीचा आकडा दुसरी पुसते. आत व्हेरिएबल असेल तर एकामागून एक चालू द्यायचं. नुसतं फेरीपुरतं मूल्य धरायचं असेल तर ‘कंपोज’ ही पायरी वापरायची.

चुकांसाठी सगळ्या पायऱ्या एका ‘स्कोप’मध्ये (पायऱ्यांचा गट), खाली दुसरा स्कोप ‘पहिला फसला किंवा टाइमआउट झाला तर’. त्यात कळवणारा मेल, आणि शेवटी ‘टर्मिनेट’ (रन तिथेच संपवणारी पायरी) लावून ‘फेल्ड’ निवडायचं. हे शेवटचं विसरलं तर मेल नीट गेला म्हणून अख्खा रन यशस्वी दिसतो! मेलमध्ये बिल नंबर हवाच, नुसत्या ‘फ्लो फसला’ला काही अर्थ नाही. रन हिस्टरी 28 दिवसच राहते, म्हणून जुन्या तक्रारींसाठी वेगळी नोंद ठेवायला सांगितलीत तीही ठेवतो.

डेस्कटॉप फ्लोच्या बाबतीत तुमचं मत जरा कडक वाटलं होतं. स्क्रीनवरच्या क्लिकांची नक्कल हा शेवटचा उपाय, म्हणालात. एका अपडेटने बटण हललं की सगळं ठप्प. आता पटतं.

आपले,
हिशेब विभागातले सगळे

ता. क. : पुरवठादार नोंदीच्या फ्लोवर आउटलुकची जोडणी अजून तुमच्याच खात्याची आहे. तुम्ही पासवर्ड बदललात की तो बंद पडेल. विभागाचं सामाईक खातं सहमालक म्हणून जोडून द्या, जोडणी आम्ही बदलून घेतो.