स्मरणिका बाजूला ठेवा, स्कोअरबुक उघडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना आला की आपल्या जिल्हा पानावर कुठल्या ना कुठल्या क्रिकेट क्लबाच्या सुवर्णमहोत्सवाची बातमी असतेच, आणि त्यासोबत स्मरणिकेचे प्रकाशन. अशा स्मरणिका मी हौसेने जमवतो आणि दर वेळी चरफडतो. आधी पाहुण्यांचे शुभसंदेश, मग हॉटेलांच्या जाहिराती, मग रमाकांत आचरेकर सरांचा फोटो. सरांचा जन्म 1932 साली मालवणचा हे खरेच, पण त्यांनी घडवलेले खेळाडू शिवाजी पार्कात घडले. त्यात आमच्या गावच्या क्लबाचे कर्तृत्व काय? शेवटी ‘क्लबाची वाटचाल’ म्हणून दीड पान. ‘काही उत्साही तरुणांनी लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे’ हे वाक्य त्यात हमखास. रोपटे लावले कोणी आणि पाणी कोणी घातले, याचा पत्ता नाही.

क्लबाचा इतिहास लिहायचा तर स्कोअरबुक आणि जमाखर्चाची वही पुढ्यात घेऊन बसावे, एवढेच माझे सांगणे आहे. आमच्या क्लबाच्या जुन्या वह्या सध्या माझ्याकडे आहेत, त्यावरून लिहितो.

सुरुवातीच्या वह्यांवर पत्ता ‘जि. रत्नागिरी’ असा आहे, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1 मे 1981 रोजी. आमचे तेव्हाचे स्कोअरर शाळामास्तर होते. पानाच्या उजव्या कोपऱ्यात ते तारखेखाली तिथी लिहीत. नवख्याला वाटेल, मास्तर फार धार्मिक. तसे काही नव्हते. भाताची कापणी होईपर्यंत मळे मिळत नसत, पुढे त्याच मळ्यांत कुळीथ पडे, म्हणून बरेचसे सामने समुद्राच्या पुळणीवर होत. तिथे सामना कधी सुरू करायचा हे पंचांग ठरवी. किनाऱ्यावरच्या पोरालाही हिशेब पाठ असतो : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचारला समुद्र तुडुंब, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या आसपास, म्हणजे सामना सकाळी. पुनव-अवसेला भरती दुपारच्या आधीच होऊन जाते, म्हणून सामना उन्हे कलताना. ओहोटीने नुकत्याच मोकळ्या झालेल्या ओल्या, घट्ट वाळूवर चेंडू जसा उसळतो तसा मळ्यात उसळत नाही. मास्तरांचा हिशेब सहसा चुकत नसे, पण दुसरा डाव लांबला तर इलाज नव्हता. एका पानावर निकालाच्या रकान्यात त्यांनी शुद्ध मराठी सोडून लिहिले आहे : ‘अनिर्णित. पाणी इला.’

चामडी चेंडूचे सामने मात्र सड्यावर, जांभ्याच्या कातळावर. तिथे काथ्याची मॅट अंथरल्याशिवाय खेळणे म्हणजे दात पाडून घेणे. आणि मॅटबाहेर गेलेला चेंडू कातळावर घासून दोन-चार षटकांत कुत्र्याने चावल्यासारखा होई. आमच्याकडे टेनिस चेंडू का रुजला याची विद्वान मंडळी नाना कारणे देतात. जमाखर्चाची वही सांगते की चामडी चेंडू परवडत नव्हता. मुंबईत 1948 पासून कांगा लीग भर पावसात चालते, याचे गावातल्या जुन्या माणसांना भारी अप्रूप. आमच्या वह्या जून ते ऑक्टोबर कोऱ्या आहेत. अकराच्या अकरा खेळाडू लावणीला नाहीतर जाळ्यावर, खेळणार कोण?

तरीही हा क्लब अर्धा मुंबईचाच होता. मॅट मुंबईहून आली, पॅडची पहिली जोडी मुंबईहून आली, तीही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. पाठवणारे गिरणीत कामाला असलेले गाववाले. परळ-लालबागच्या गावकीच्या खोलीत वर्गणी जमायची आणि ती आमच्या वहीत ‘मुंबईकर मंडळींकडून’ अशी एका ओळीत चढायची. हीच मंडळी शिमग्याला नाहीतर मेमध्ये रजेवर आली की संघात त्यांची नावे दिसतात, एरवी नाहीत.

आता 1982 ची पाने पाहा. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आमच्या स्कोअरबुकात त्याचा उल्लेख अक्षरानेही नाही. पण चाकरमान्यांची जी नावे शिमगा आणि मे सोडून कधी दिसत नसत ती फेब्रुवारीतच दिसू लागतात, मार्चमध्ये आहेत, एप्रिलमध्ये आहेत. संघ कधी नव्हे इतका तगडा, ओळीने सामने जिंकलेले. आणि त्याच महिन्यांच्या जमाखर्चात ‘मुंबईकर मंडळींकडून’ ही ओळच गायब. चहा उधारीवर, चेंडू उधारीवर, मॅट फाटली ती गोणपाट लावून शिवलेली. दोन वर्षांनी त्यातली काही नावे कायमची गावच्या संघात आली, म्हणजे ती माणसे परत गेलीच नाहीत. आमच्या स्मरणिकेत त्या काळाला ‘क्लबाचा सुवर्णकाळ’ म्हटले आहे! लिहिणाऱ्याने फक्त निकालाचा रकाना वाचला.

आणखी एक गोष्ट अशीच, रकान्यात पाहिल्याशिवाय न दिसणारी. एका वाडीतली आडनावे पहिली काही वर्षे फलंदाजांच्या यादीत नाहीतच. ती दिसतात ती झेलांत, ‘बदली’ अशा शेऱ्यासह. म्हणजे क्षेत्ररक्षणाला माणूस कमी पडला की हाक मारायची, बॅट द्यायची नाही. मग कधीतरी अकराव्या क्रमांकावर एक आडनाव येते, आणि पुढच्या मोसमात तोच गडी नवा चेंडू टाकतो आहे. ज्यांचे मूळ गाव कोकणातले पालवण, त्या दलित गोलंदाज पालवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, पण पुण्यात त्यांना चहा मिळे तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. बाळूंच्या गोष्टीवर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. आपल्या क्लबाच्या वहीत त्या बदली खेळाडूचे नाव कोणत्या वर्षी फलंदाजांत आले, हे मात्र कोणी शोधत नाही. मी आमच्या समितीत हा विषय काढला तेव्हा ‘जुने कशाला उकरायचे’ असे उत्तर मिळाले. उकरायचे नसेल तर इतिहास हा शब्द तरी छापू नये.

हल्लीच्या स्पर्धांचे सगळे मोबाइलवर असते, चेंडूगणिक. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असते, समालोचक मालवणीत धमाल उडवतात, मीही आवडीने पाहतो. त्यांची नोंद राहील. धोका आहे तो जुन्या वह्यांना. आमच्या हवेत कागद टिकत नाही; पाने एकमेकांना चिकटतात, उरलेल्याचा कारभार वाळवी पाहते. वह्या असतात त्याही भलत्याच ठिकाणी : देवळाच्या धर्मशाळेत भजनी मंडळाच्या पेटीत, जुन्या सेक्रेटरीच्या माळ्यावर, क्वचित मुंबईला गावकीच्या खोलीतल्या ट्रंकेत.

म्हणून विनंती अशी, की आपल्या रविवारच्या अंकात किनारपट्टीवरच्या एकेका क्लबाच्या जुन्या स्कोअरबुकाचे एक पान छापावे. फोटो आणि खाली चार ओळी, बस. ओळी त्या सामन्यात खेळलेल्या कोणाकडून तरी लिहून घ्याव्यात, अध्यक्षांकडून नकोत. आमच्या वह्यांचे मोबाइलवर फोटो काढून झाले आहेत, मागाल तेव्हा पाठवीन. सुरुवात ‘पाणी इला’च्या पानाने केलीत तरी चालेल, पण 1982 ची दोन्ही पाने, धावांचे आणि जमाखर्चाचे, शेजारी-शेजारी छापावीत.

आपला,
एक जुना स्कोअरर
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग