दत्ता, पंप उतरवू देऊ नकोस

जालना, शनिवार

प्रिय दत्ता,

पत्र मिळालं. रोटाव्हेटर लावून मोसंबीच्या दोन ओळी झाल्या की ट्रॅक्टर दम टाकतो, बंद पडतो, दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होतो. आणि मिस्त्री म्हणतो इंजिनाला दाबाने डिझेल देणारा पंप खोलावा लागेल. लेका, एवढ्यात पंपाला हात लावू देऊ नकोस. जुन्या छोट्या ट्रॅक्टरचा बिघाड बहुतेक वेळा पंपाच्या अलीकडेच असतो: टाकी, कॉक, नळी, फिल्टर.

तुझ्याच लक्षणातून बरंच कळतं. लाईनमध्ये हवा शिरली असती तर एअर काढल्याशिवाय तो सहसा नीट उठला नसता. थांबल्यावर आपोआप उठतो, म्हणजे डिझेल येतंय, पण ओढीला पुरत नाही. पहिला संशय टाकीच्या झाकणावर. झाकणातल्या बारीक भोकातून डिझेलच्या जागी हवा आत जाते. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ आणि डिझेलचा ओलावा मिळून ते भोक बुजतं, टाकीत पोकळी धरते आणि डिझेल ओढलं जात नाही. ट्रॅक्टर दम टाकायला लागला की लगेच झाकण सैल कर. फुस्सकन हवा ओढली गेली आणि इंजिन सावरलं, तर दुखणं सापडलं. भोक बारीक तारेने मोकळं कर, झाकण डिझेलमध्ये धू.

पंप खरंच झिजला असेल तर चित्र वेगळं दिसतं. थंड असताना ठीक उठतो, गरम झाल्यावर स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरते तरी उठत नाही, कारण गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या भागांतून निसटतं. इंजिन बंद असताना पंपावर ओलं फडकं ठेवून तो गार झाल्यावर उठला, तर मिस्त्रीचं म्हणणं खरं धर. गरम पंपावर पाणी मात्र ओतायचं नाही.

झाकण ठीक निघालं तर टाकीपासून पुढे सरक. कॉक बंद करून फिल्टरकडे जाणारी नळी सोड, तोंड स्वच्छ डब्यात धर, कॉक उघड. टाकी वर असेल तर न तुटणारी धार पडली पाहिजे. आधी जोरात आणि मग थेंब थेंब होत गेली, तर टाकीच्या तळाचा गाळ तोंडाशी येऊन बसतोय. टाकी उतरवून धुवावी लागेल. टाकी पंपाच्या खाली असेल तर फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) हाताचा लिव्हर मारून बघ, दर झटक्याला जोरदार पिचकारी यायला हवी. लिव्हर सैल लागला तर इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा मार. आतला कॅम, म्हणजे पंप हलवणारा उंचवटा, वर असला की लिव्हर पकडत नाही.

यापेक्षा सोपी परीक्षा म्हणजे दोन लिटरचा स्वच्छ डबा पंपापेक्षा उंच टांगायचा आणि त्यातून थेट फिल्टरला डिझेल द्यायचं. त्यावर नेहमीच्या दोन ओळींच्या पुढेही ओढीत चालला तर दोष टाकी आणि फिल्टर यांच्यामध्येच आहे. तरीही बसला तर फिल्टर आणि त्यापुढचं बघ.

खाली असलेल्या टाकीत एक फसवणूक असते. फीड पंपाच्या अलीकडची नळी चिरली तरी डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं आणि मिस्त्री म्हणतो लाईन ठीक आहे! तिथे थोडा वेळ पारदर्शक नळी लाव, बुडबुडे दिसतील. जुनी रबरी नळी सरळ बदल. बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर नवे घाल. नसले तर जुने लालबुंद तापवून पाण्यात टाक, मऊ होऊन पुन्हा बसतात. कागदी फिल्टर धुऊन वापरू नकोस. नवा बसवताना जुनं रबरी रिंग वर चिकटून तर नाही ना, हे बघ. दोन रिंगा एकावर एक बसल्या की हवा घेणारच.

एवढी लाईन उघडल्यावर एअर काढावी लागेलच. टाकी निम्मी तरी भर. आधी पहिल्या फिल्टरचा स्क्रू सैल करून प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा लिव्हर) मार, बुडबुडे संपून नुसतं डिझेल यायला लागलं की वाहत असतानाच आवळ. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू. शेवटी नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाच्या) पाईपांचे नट एक फेरा सैल कर, ॲक्सिलरेटर पूर्ण, इंजिन बंद करायचा स्टॉपर आत, आणि स्टार्टर मार. एका वेळी १० सेकंदांहून जास्त नाही, मधे मिनिटभर थांब. डिझेल उडायला लागलं की नट आवळ. नोझलजवळ हात नेऊ नकोस. त्या दाबाची धार कातडीत घुसते. तशी जखम बारीक दिसली तरी तडक दवाखाना गाठायचा.

डिझेल बॅरलमध्ये ठेवतोस, तर बॅरल किंचित तिरका ठेव, तळाचे चार बोटं डिझेल काढूच नकोस. भरल्यावर रात्रभर स्थिर राहू दे. जस्ताचा मुलामा असलेल्या डब्यात डिझेल साठवायचं नाही, जस्ताचा गाळ नोझलपर्यंत जातो. धोतराच्या फडक्याने गाळणंही सोड, धागे सुटतात. बारीक जाळीचं नरसाळं घे. संध्याकाळी टाकी भरून ठेवलीस तर रात्री गारव्याने आत पाणी धरत नाही, पावसाळ्यात तर ते करच. फिल्टरखाली काचेची वाटी असेल तर सकाळी तळाशी पाण्याचा थेंब दिसतोय का बघ.

एवढं करूनही ओढीत काळा धूर आणि दम कमी, तर आधी एअर क्लीनर साफ कर. मग इंजिन मंद चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या नोझल-पाईपचा नट सैल कर, चेहरा-डोळे दूर ठेवून. नट सैल केल्यावर आवाज बदलला नाही, तो सिलिंडर कमजोर. त्याचं नोझल काढून शेजारच्या सिलिंडरला लाव. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल, जागेवर राहिला तर पाईप, पंप किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब). नोझल टेस्टिंग बेंचवर, म्हणजे दाब तपासायच्या यंत्रावर, नेताना मॉडेलच्या पुस्तकातला दाबाचा आकडा लिहून ने. नोझल आणि पंप दोन्ही न्यायची वेळ आली, तर दोन्ही एकाच बेंचवर तपासून घे.

तुझा,
विष्णू