पंचायतीत डबा आहे, नेट नाही: केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली

विषय: ग्रामपंचायतींना फायबरने इंटरनेट देणाऱ्या भारतनेट योजनेची जोडणी किती तास चालू राहते याचा हिशेब ग्रामसभेला मिळण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीतच लिहितो आहे. शिंदे घराण्याचं मूळ गाव कण्हेरखेड आमच्याच सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळे भाषांतरासाठी कागद चार टेबलं फिरणार नाही अशी आशा आहे. मी याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, सातबारा, पीक विमा, पीएम किसानची ई-केवायसी ही माझी रोजची कामं. गावात नेट आहे की नाही हे सगळ्यात आधी मला कळतं, कारण नसलं की शिव्या मीच खातो.

आमच्या पंचायतीच्या आतल्या खोलीत भिंतीवर लोखंडी कपाट आहे. त्यात ओएनटी नावाचा छोटा डबा, त्याला बॅटरी, वर पत्र्यावर सौर पॅनल. डब्यावर चार-पाच दिवे आहेत. पॉनचा दिवा हिरवा असला तर तालुक्याहून काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून, उजेड पोचतोय, नेट चालू आहे. एलओएसचा दिवा लाल लुकलुकायला लागला की समजायचं, वाटेत कुठेतरी तार तुटली. दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्यांनाही आता तो दिवा ओळखता येतो. "लाल हाय का? मग उद्या येतो," म्हणतात आणि काठी टेकत माघारी जातात. त्यातला एखादा वरच्या वाडीतून चालत आलेला असतो.

तार तुटते कशी, तेही सांगतो. रस्ता रुंद करायला जेसीबी येतो, तोडतो. नळपाणी योजनेच्या पाइपसाठी चर खणतात, तोडतात. पावसाळ्यात दरड येते, मोरी वाहून जाते, त्याबरोबर केबलही जाते. मग तालुक्याहून माणूस येतो, ओटीडीआर यंत्र लावतो. ते यंत्र तारेत उजेडाचा झोत सोडून किती मीटरवर तुटलंय ते सांगतं. स्प्लायसिंग मशीनवर दोन टोकं जोडायला त्याला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. वेळ जातो तो त्याच्या येण्याआधी. तक्रार कुणाकडे करायची, खड्डा कुणी खणायचा, रस्त्याच्या कडेला खणायला कुणाची परवानगी, तोडली त्याने भरपाई द्यायची की नाही, या चर्चेत आठवडे निघून जातात. शेवटी कुणीतरी केबल वर काढून झाडाला बांधतं, आणि पुढच्या वाऱ्यात ती पुन्हा लोंबायला लागते.

या सगळ्या काळात दिल्लीच्या तक्त्यात आमची पंचायत मात्र जोडलेलीच असते. तिथे यंत्र बसलं हे मोजलं जातं. यंत्र बसवून झालं, फोटो निघाला, रकाना भरला. त्यानंतर ते चाललं किती, हा रकाना निदान आमच्या डोळ्यांना तरी कधी दिसलेला नाही.

योजनेचा इतिहास आपल्याला सांगण्याची गरज नाही, पण हे पत्र गावातले लोकही वाचणार आहेत म्हणून थोडक्यात. 25 ऑक्टोबर 2011 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं आणि प्रत्येकीला 100 एमबीपीएस द्यायचं असं ठरलं. 2015 मध्ये नाव बदलून भारतनेट झालं. एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा 2017 च्या अखेरीस पूर्ण झाला. 15 ऑगस्ट 2020 रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं की 1000 दिवसांत देशातल्या सहा लाख गावांत फायबर पोचेल. ते 1000 दिवस मे 2023 मध्ये संपले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुधारित भारतनेटसाठी 1,39,579 कोटी रुपये मंजूर झाले. हा पैसा ज्या निधीतून येतो, तो दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित ढोबळ महसुलाच्या 5 टक्के आकारणीतून उभा राहतो. आधी त्याला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. म्हणजे आमच्या डोंगरातली बाई जो रिचार्ज मारते त्यातलाही वाटा त्यात आहे. तेव्हा हिशेब मागण्याचा हक्क आम्हाला आहे, असं मी समजतो.

सुधारित योजनेतल्या दोन गोष्टी मला मनापासून पटल्या. एक, उभारणी झाल्यावर 10 वर्षांची देखभाल त्याच ठेकेदाराच्या गळ्यात घातली आहे. दोन, तार एकाच वाटेने नेण्याऐवजी तिचं वर्तुळ करायचं, रिंग. पूर्वी तालुक्याहून निघालेली तार एका बाजूने पुढे पुढे जायची आणि अलीकडे तुटली की पलीकडच्या सगळ्या पंचायती एकदम अंधारात. रिंग झाली की एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने उजेड येत राहतो. सपाटीच्या मुलखात हे उत्तम चालेल.

डोंगरात अडचण अशी की खोऱ्यात रस्ताच एक असतो. दोन्ही बाजूंची तार त्याच रस्त्याच्या कडेने, पुष्कळदा त्याच चरातून जाणार. नकाशावर रिंग, जमिनीवर मात्र दोन्ही तारा शेजारीशेजारी, आणि जेसीबीचा दात एका घासात दोन्ही तोडणार. पश्चिम साताऱ्यात हे होईल, तसंच अकोले, धडगाव, मेळघाटातही होईल. म्हणून माझी विनंती आहे की डोंगरी तालुक्यांत रिंगची दुसरी बाजू वेगळ्या वाटेने जाते की नाही, हे जागेवर येऊन तपासल्याशिवाय काम पुरं झालं असं धरू नये. वेगळा रस्ता नसेल तर ती बाजू महावितरणच्या खांबांवरून न्या. केरळने 5 जून 2023 रोजी सुरू केलेलं केफॉन हे सरकारी इंटरनेटचं जाळं तिथल्या वीज मंडळाच्या खांबांचा आधार घेऊनच पसरलं आहे. खांबावरची तार वादळात पडेल हे मला मान्य आहे. पण पडलेली तार दिसते तरी, आणि ती उचलायला कुणाची खणण्याची परवानगी लागत नाही.

जेसीबीवर उपाय म्हणून सरकारने 22 मार्च 2023 रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं. कुठे खणायचं ते ॲपवर टाकलं की जमिनीखाली ज्यांच्या तारा-नळ आहेत त्यांना निरोप जातो. कल्पना चांगली आहे. पण आमच्याकडे चर खणणारा हा ठेकेदाराच्या ठेकेदाराचा जेसीबीवाला असतो. त्याला तासावर पैसे मिळतात, तो ॲप उघडत बसणार नाही. तो उघडेल एकाच कारणाने, बिल अडलं तर. सरकारी कामाची एमबी लिहिताना, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत नोंद करताना, ॲपवरच्या चौकशीचा पुरावा जोडल्याशिवाय बिल निघणार नाही एवढा एक आदेश राज्यांकडून काढून घ्या. निम्म्या तारा वाचतील. निम्म्या हा माझा अंदाज, पण तो जेसीबीवाल्यांना जवळून ओळखणाऱ्याचा अंदाज आहे.

आता वाड्यांविषयी. सुधारित योजनेत 2.64 लाख ग्रामपंचायती रिंगमध्ये घ्यायच्या आणि उरलेल्या सुमारे 3.8 लाख गावांना मागणीनुसार जोडणी द्यायची असं आहे. सह्याद्रीत ग्रुप ग्रामपंचायत असते. एका पंचायतीखाली वर-खाली विखुरलेल्या वाड्या, धनगरवाडे. यातल्या पुष्कळ वाड्या महसुली गाव म्हणून कुठल्याच यादीत नाहीत. त्या 2.64 लाखांत मोजल्या जात नाहीत आणि 3.8 लाखांतही नाहीत. वाडीतल्या दोन शिक्षकी शाळेने मागणी करायची तर कुठल्या अर्जावर, कुणाकडे? पंचायतीपर्यंत आलेलं फायबर कुलूपबंद ऑफिसात असतं, कारण ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावांचा कारभार असतो आणि ते ज्या दिवशी येतात त्या दिवशीच दार उघडतं. वाडीला त्या डब्याचा उपयोग शून्य.

आपले अधिकारी इथे म्हणतील, मोबाइलचं नेट आहे की. आहे, मान्य. फोर-जी टॉवर वाढले, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण आमच्या डोंगरात टॉवर एका सोंडेवर आणि गाव दुसऱ्या सोंडेच्या आड. लाइट गेली की काही वेळाने टॉवरही मान टाकतो, आणि आषाढ-श्रावणात लाइट किती असते ते इथे एक मुक्काम केल्यावर कळेल. मोबाइलवर एक माणूस व्हिडिओ बघू शकतो, वर्गातली सगळी मुलं एकदम टॅबलेटवर बसू शकत नाहीत. 2020 च्या टाळेबंदीत कोकणात आणि घाटमाथ्यावर मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसायची, ते फोटो सगळ्या देशाने कौतुकाने पाहिले. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसलं नव्हतं. शिवाय टॉवरला चांगला वेग हवा असेल तर त्यालाही खालून फायबरच लागतं.

वेगाचंही एक. जानेवारी 2023 पासून सरकारच्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान 2 एमबीपीएस. त्याआधी 512 केबीपीएस होतं, म्हणजे प्रगती आहे. पण एवढ्या वेगात पीक विम्याच्या अर्जाला सातबारा आणि पासबुकाचे स्कॅन चढवून बघा, तेही 31 जुलैला, बाहेर रांग लागलेली असताना.

खरा जाच पुढे आहे. तार तुटली असली तरी कामं थांबत नाहीत, उलट ती ऑनलाइनच हवी असा हुकूम असतो. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी 1 जानेवारी 2023 पासून एनएमएमएस ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून. अंगणवाडीत पोषण ट्रॅकर ॲप, त्यावर 1 जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळख. रेशनच्या दुकानात थंब. लाडक्या बहिणींची ई-केवायसी. यातलं एकही खातं आपलं नाही हे मला ठाऊक आहे. पण या सगळ्या खात्यांना 'गावात नेट आहे' हा विश्वास आपल्याच तक्त्यामुळे आला आहे. तक्त्यात पंचायत जोडलेली दिसते, म्हणून मंत्रालयातला साहेब ऑफलाइनची सोय बंद करतो, आणि सेविका बाई चेहरा ओळखून घ्यायला गरोदर बाईला घेऊन टेकडीवर जाते. 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग मानला. निकालाची प्रत मला इथून डाउनलोड करता आली, पॉनचा दिवा त्या दिवशी हिरवा होता.

एखादं गाव निवडून चकचकीत करण्याची हौस सगळ्याच सरकारांना असते. धारणी तालुक्यातलं हरिसाल 2016 मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, मायक्रोसॉफ्ट सोबतीला होती. 2019 च्या निवडणुकीत त्याच हरिसालचा व्हिडिओ सभेत दाखवून त्या डिजिटलपणाची चिरफाड झाली. 2025 मध्ये नागपूरजवळच्या सातनवरीची पाळी आली. सातनवरीचं भलं होवो. आम्हाला पहिला नंबर नको, बॉक्समधला दिवा हिरवा हवा.

तर मागणी एवढीच. प्रत्येक पंचायतीची जोडणी महिन्यात किती तास चालू होती, किती वेळा तुटली, तक्रारीनंतर किती तासांत दुरुस्त झाली, हे यंत्र स्वतःच नोंदवू शकतं, त्यासाठी माणूस लागत नाही. ती नोंद पंचायतनिहाय, कुणालाही बघता येईल अशी खुली करा आणि त्याची छापील प्रत पंचायतीच्या फळ्यावर लावायला सांगा. देखभालीचं बिल त्या नोंदीवरूनच निघू द्या, आणि किती पैसे कापले तेही खाली लिहा. ज्या पंचायतीची तार ठरावीक तासांपेक्षा जास्त बंद असेल तिथे त्या काळात कुठल्याही सरकारी कामाला ऑफलाइन नोंद चालेल, असं आपण इतर खात्यांना कळवा. वाड्यांची नोंद वेगळ्या रकान्यात करा, महसुली दर्जा असो वा नसो.

आमची पुढची ग्रामसभा 15 ऑगस्टला आहे. त्या दिवशी आमच्या पंचायतीचा वर्षभराचा हा तक्ता सभेपुढे वाचून दाखवायचा माझा विचार आहे. तो कुठल्या कार्यालयाकडे मागायचा, तेवढं पत्ता आणि फोन नंबरासह कळवावं. उत्तर पोस्टाने पाठवलं तरी चालेल, पोस्टमन दिवसाआड येतो.

आपला,
एक केंद्रचालक,
जि. सातारा

प्रत: मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई